बांधातली वायर

शाळू निसवला, ज्वारीची कणसं बाहेर पडली की आमच्या वस्तीवर एक वास उतरतो. ओला, हिरवट, किंचित गोड. सकाळी दूध घालायला निघालं की तो पदरात शिरतो आणि दुपारपर्यंत काही जात नाही. लोकांना या दिवसांत हुरडा आठवतो. पुण्याची माणसं गाड्या भरभरून येतात, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर कोवळे दाणे खातात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत हायवेला लागतात. मला या वासाबरोबर आठवते ती वायर. काळी, करंगळीएवढी, बांधाच्या मातीत गाडलेली. कणसाच्या वासाने इंटरनेटची वायर आठवणारी बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात मी एकटीच असेन. असू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

यंदाही शाळू चांगला आलाय. पाखरं हाकायला जायचा कंटाळा येतो मला आता. गुडघे कुरकुरतात. आमचे अण्णा, म्हणजे माझे यजमान, सकाळीच बांधावर जाऊन बसतात आणि पाखरं हाकण्याऐवजी त्यांच्याकडे बघत राहतात. (पोरं त्यांना अण्णा म्हणतात म्हणून मीही अण्णाच म्हणायला लागले, त्याला आता जन्म झाला.) मी म्हणते, "अहो, हाका की." ते म्हणतात, "खाऊ दे. किती खात्यात?" हे बोलणं या माणसाचं नव्हे. दाण्यादाण्यासाठी भांडलेला माणूस आहे हा. पण थकला की माणूस उदार होतो, असं मी बघितलंय.

आमची वस्ती मिरजगावपासून फार लांब नाही. वारा पडला की हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. पण मध्ये एक ओढा आहे आणि तो ओलांडला की मोबाईलच्या अंगातलं अवसान जायचं. फोन लावायचा तर कडब्याच्या गंजीवर चढायचं. आमची शेजारीण कुसुम पदर खोचून गंजीवर चढायची आणि माहेरी भावजयीशी बोलायची. वर रेंज मिळते म्हणून ओरडायची गरज नव्हती, पण उंचावर गेलं की माणसाचा आवाज आपोआप वाढतो. तिच्या सासूच्या सगळ्या तक्रारी वस्तीला पाठ होत्या. सासू खाली उभी राहून म्हणायची, "उतर की आता, का समद्या तालुक्याला सांगायचं ऱ्हायलंय?"

गावात ग्रामपंचायतीत सरकारी नेटची पेटी होती म्हणे. होती, ती कपाटात होती, आणि कपाटाला कुलूप होतं. गावाला नाही तिथं वस्तीला कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात यायचं कसं? आमचं काही अडतही नव्हतं तसं. जगत होतो.

अडलं ते त्या वर्षी. कोरोनाची ती सगळी भानगड सरत आली होती, पण पुण्यातल्या कंपन्या अजून पोरांना घरून काम करू देत होत्या. सागर, माझा एकुलता एक, दिवाळीला आला. बरोबर पल्लवी, त्याची बायको. आणि चिऊ, जेमतेम पाऊल टाकायला लागलेली. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, मी आपली मनातल्या मनात बॅगा कधी भरतात त्याची वाट बघत होते. आणि एका सकाळी चुलीपाशी बसून चहा पिता पिता पल्लवी म्हणाली, "आई, इथं नेट असतं ना, तर आम्ही इथंच राहिलो असतो. चिऊला घेऊन कुठं त्या दोन खोल्यांत कोंडून घ्यायचं?"

तव्यावरची भाकरी जळाली माझी. करपल्याचा वास आल्यावर कळलं. बाई गं, काय सांगू तुम्हाला, त्या क्षणी मला काय झालं ते. लेकरू कॉलेजला गेल्यापासून या घरात दोनच ताटं वाढत आले मी. सुनेच्या तोंडून, सुनेच्या, "इथंच राहिलो असतो" ऐकायला मिळावं, ही अपेक्षासुद्धा ठेवली नव्हती. मला रडू आलं आणि मी धुराचं नाव सांगितलं.

दुपारी अण्णांना सांगितलं.  दुसऱ्या दिवशी त्यांनी दूध संकलनावर किटली ठेवली आणि रांगेतल्या सगळ्यांना थांबवून घेतलं. "आपल्या वस्तीला फायबर आणायचं," म्हणाले. कुणीतरी विचारलं, "म्हंजी काय?" अण्णांनाही नीट ठाऊक नव्हतं. म्हणाले, "म्हंजी आपली पोरं घरी येत्यात."

एवढं पुरलं लोकांना. ज्याच्या त्याच्या घरचं कुणीतरी पुण्यात, चाकणला, नगरच्या एमआयडीसीत होतंच.

मिरजगावचा केबलवाला आला, ओढ्यापर्यंत येऊन थांबला. ओढ्यापर्यंतची वायर माझी, म्हणाला, पुढचा चर तुम्ही खणा आणि कनेक्शनं भरपूर द्या. खांबावरून का नाही, तर आमच्या रस्त्याने श्रीगोंद्याच्या कारखान्याला उसाच्या ट्रॉल्या जातात. वरपर्यंत रचलेल्या. वाटेत लोंबती तार दिसली की ओढून नेतात. म्हणजे वायर जमिनीतूनच न्यायची. पण कुणाच्या जमिनीतून?

त्या सकाळचं संकलन केंद्र मला अजून दिसतं. दुधाचा फेस, किटल्यांची खडखड, थंडीने हात काखेत घातलेली माणसं. कुसुमचे मालक रामभाऊ म्हणाले, "माझ्या वावरातनं नगं. नांगराला आडवी यील." दुसरा म्हणाला, "माझ्यातनं बी नगं." तिसऱ्याची विहीर होती, चौथ्याची पाइपलाइन. हात आखडता घेण्यात आमच्या वस्तीचा हात कुणी धरणार नाही. मग कुणीतरी म्हणालं, "आरं, बांधानं न्या की! बांधाला कोन नांगर घालतंय?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं मोठं खोटं एकमताने मंजूर झालेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं.

आमच्याकडे बांध कोरतात. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन वावरांच्या मध्ये बांध असतो, तो दोघांचा असतो. दर नांगरटीला ह्या बाजूचा एक तास आत घेतो, त्या बाजूचा एक तास आत घेतो. एक तास म्हणजे नांगराची एक रेघ. कुणाच्या डोळ्यावर येत नाही. जिथून आमच्या सासऱ्यांची बैलगाडी जायची तिथून आता माणसाने पायापुढे पाय ठेवून जायचं, असा झालाय बांध. आणि विचारा कुणालाही. "म्या? म्या कवा कोरला? त्योच कोरतोय." पिढ्यान्‌पिढ्या बांध आपोआप झिजतोय आमच्याकडे, साबणासारखा.

पल्लवीला याचं फार नवल वाटायचं. ती आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची, डोंगराकडच्या भातवाल्यांच्या घरातली. मला म्हणाली, "आई, आमच्याकडं बांधाला कुणी हात लावत नाही. बांध फुटला तर पाणी जातं, वरच्याचंही आणि खालच्याचंही." मी म्हटलं, "आमच्याकडं पाणीच नाही, जायला." हसली होती ती. हसली की तिचे डोळे पार मिटतात.

चर खणला तो सावडीने. आज तुझ्या बांधाला सगळे, उद्या माझ्या बांधाला सगळे. शाळूच्या काढणीला जशी सावड करतात तशीच. अण्णांनी स्वतः चुन्याची फक्की मारून रेघ आखून दिली. हुरड्याचेच दिवस होते. पहाटेचं दव पायाला लागायचं, कुदळीचा आवाज मुरमावर टणटण उठायचा. दुपारी आम्ही बायका पाटीत भाकऱ्या आणि पातेल्यात काळ्या मसाल्याची शिपी आमटी घेऊन जायचो. सगळी पुरुषमाणसं बांधावर ओळीने बसून भुरके मारायची. कुसुम आणि मी वाढायचो. रामभाऊ खाताना म्हणायचे, "वहिनी, नेट न्हाई आलं तरी चालंल, आमटी येऊ द्या." केबलवाल्याने हातभर खोल सांगितलं होतं. पहिल्या दिवशी हातभर झालं. पुढे मुरूम लागला, मग वीतभरावर भागवलं. "कोन बघतंय," म्हणाले. गाव करी ते राव न करी, हे खरं. पण गाव करतं ते वीतभरच, हेही खरं.

आणि आलं की हो नेट! वरच्या खोलीत पांढरी पेटी लागली, तिच्यावर हिरवे दिवे. पहिल्या दिवशी वस्तीतली माणसं चपला बाहेर काढून दिवे बघायला आली. एका म्हातारीचा लेक आणि सून श्रीगोंद्याच्या कारखान्यावर ऊसतोडीला गेली होती. सागरने मोबाईलवर सून दाखवली. खोपीपुढं उभी होती, मागे उसाची मोळी, तोंडाला कापड बांधलेलं. म्हातारीने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आगं, डोकं इंचरीत न्हाईस का गं?" तिकडून सून रडायला लागली. इकडे आम्ही सगळ्याच.

तो हंगाम मला आठवतो तो असा तुकड्यातुकड्यांनी. वरच्या खोलीतून पल्लवीचा इंग्रजी बोलण्याचा आवाज, खाली मी ज्वारी निवडतेय, अंगणात चिऊ कोंबड्यांमागे. पल्लवीची मीटिंग असली की अण्णा अंगणातून चवड्यावर चालायचे. हा माणूस, ज्याने माझ्यासाठी जन्मात कधी आवाज खाली केला नाही! एकदा मीटिंगमध्ये गाईच्या गळ्यातली घंटा वाजली, तर घंटाच सोडून खुंटीला अडकवली. कुणी मोठ्याने हाक मारत आला की बोट ओठावर ठेवून म्हणायचे, "हळू. सूनबाई हापिसात हाय." संध्याकाळी चिऊला मांडीवर घेऊन कणीस भाजायचे, तळहातावर चोळायचे, फुंकर मारून एकेक दाणा तिच्या तोंडात. पोरीच्या गालाला राख लागलेली. मी दारातून बघत राहायची. सुख असं समोर बसलेलं असलं की मला भीतीच वाटते. तेव्हाही वाटली. नव्याचे नऊ दिवस, असं मनात आलं आणि मीच मला थोबाडीत मारल्यासारखं गप्प केलं.

शाळू काढून झाला. हाताला फोड आले, फुटले, बरे झाले. कणसं खुडली, मळणी झाली, कडब्याच्या पेंढ्या रचल्या. वावरं उघडी पडली आणि ऊन तापायला लागलं. फाल्गुनात भाड्याचा ट्रॅक्टर आला. एकाच दिवशी रामभाऊंचं वावर नांगरलं आणि आमचंही. ट्रॅक्टरवाला घाईत होता, जामखेडकडे पुढची कामं घेतलेली. धुरळा उडाला, नांगरलेल्या मातीचा तो कोरडा, जळका वास घरात आला. आणि दुपारच्या चहाला सागर वरून खाली येऊन म्हणाला, "आई, नेट गेलं."

जातं कधीकधी, म्हटलं. येईल.

नाही आलं. केबलवाला आला, ओढ्यापर्यंत ठीक आहे म्हणाला. तुटलंय ते तुमच्या बांधात. कुठं? ते सांगणारं यंत्र नगरला, ते कधी मिळेल सांगता येत नाही. मग वस्तीने पुन्हा कुदळी काढल्या. सावड झाली, पण ह्या वेळी भाकऱ्यांच्या पाट्या नव्हत्या. उन्हाने डोकी तापलेली. ज्याने त्याने दुसऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवायचं. कारण सापडलं ते ज्याच्या बांधाला, त्याने बांध कोरला हे उघड. ओढ्याकडच्या टोकापासून खणत निघाले. अण्णा सगळ्यांच्या पुढे. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, कुदळ मारतायत, वायर हाताने चाचपतायत, पुढे सरकतायत. मी पाणी घेऊन गेले की म्हणायचे, "सापडंल, सापडंल."

वरच्या खोलीत पल्लवी मोबाईल घेऊन खिडकीला, गच्चीच्या कोपऱ्याला, जिन्याच्या कठड्याला. कंपनीची एक मोठी मीटिंग बुडाली. दुसरी अर्धी झाली. कंपनीने कळवलं, नेटची खात्री असेल तर घरून, नाहीतर ऑफिसला हजर व्हा. ती मला काही बोलली नाही, सागरने सांगितलं. मी देवासमोर दिवा लावला. देवाला वायरीतलं काय कळणार, पण मला दुसरं काय करता येत होतं?

यंत्र आलं एकदाचं. केबलवाल्याने टोकाला लावलं, आकडा बघितला, चालत गेला आणि थांबला तो आमच्या आणि रामभाऊंच्या मधल्या बांधावर. तिथं उकरलं. वायर सुरीने काकडी कापावी तशी कापलेली.

सगळे रामभाऊंकडे वळले. बांध कोरण्यात रामभाऊंचं नाव आधीपासून होतं, आणि नाव झालं की झालं. "रामभाऊ, काय केलंस हे?" "पोरांच्या पोटावर नांगर घातलास!" रामभाऊ पांढरे पडले. "म्या न्हाई! लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो, म्या बांधाला शिवलो बी न्हाई!" कुणी ऐकतंय? ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, "मी काय बघतो? दावत्यात तितनं फिरवितो." दोन्ही वावरं एकाच ट्रॅक्टरने नांगरलेली. अण्णा कुदळीवर हात टेकून उभे होते. म्हणाले, "जाऊ द्या. भांडू नगा. जोडून घ्या आता." किती मोठ्या मनाचा माणूस, असं वाटलं मला तेव्हा. खरंच वाटलं. मी मात्र मोठ्या मनाची नव्हते. मी कुसुमच्या तोंडावर बोलले, "तुमच्या एका तासापायी माझं घर मोडायला निघालंय." ती पदर तोंडाला लावून घरात गेली. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

वायर जोडून झाली असती, तासाभराचं काम. पण रामभाऊ उलटले. "मी चोर हाय ना? मग चोराच्या बांधावरनं न्हाई जायाची तुमची वायर." आणि त्यांनी त्यांच्या सगळ्या बांधातली वायर हाताने उपटून काढली, मुळा उपटावा तशी, आणि वेटोळं करून ओढ्यात टाकली. लोकांनी विनवण्या केल्या, दमदाटी केली. माणूस दुखावला की दगड होतो. केबलवाला पेटी घेऊन गेला. वस्ती पुन्हा गंजीवर चढली.

चैत्राच्या तोंडावर बॅगा भरल्या. चिऊला कळत नव्हतं, ती बॅगेत बसून हसत होती. अण्णा गाडीपर्यंत आले नाहीत. गोठ्यात काम आहे म्हणाले. पल्लवीने गोठ्यात जाऊन वाकून नमस्कार केला. ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "सुखी ऱ्हा." मला वाटलं, रडू आवरतायत. मीही आवरत होते. गाडी ओढ्यापलीकडे गेली आणि मी वरच्या खोलीत जाऊन बसले. भिंतीला पेटीची चार भोकं होती फक्त.

त्यानंतरचे शाळू आले आणि गेले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पोरं दिवाळीला येतात, भाऊबीजेला जातात. वस्तीतली सावड मोडली, आता मजूर लावून काढणी करतात. सगळ्यांनी सगळं सोडून दिल्यासारखं झालंय. थकवा म्हणजे काय, तर भांडायचाही कंटाळा येणं. तो अख्ख्या वस्तीला आला.

आणि गेल्या महिन्यात, कुणी न मागता, कुणी न खणता, नेट आलं. गावच्या पाण्याच्या टाकीवर कसलेसे डबे बसले आणि आमच्या छतावर ताटाएवढी पांढरी थाळी. वायर नाही, चर नाही, बांध नाही. हवेतून येतं. आणि स्पीड म्हणे पुण्यासारखा! वरातीमागून घोडं आलं. तेही असं उमदं की बघत राहावं. घरात दोन म्हातारी माणसं आणि हे एवढं नेट. अण्णा हवामान बघतात, मी कीर्तन ऐकते. बाकीचं तसंच पडून असतं.

परवाच्या रविवारी दुपारी सागरचा फोन आला, चेहरे दिसणारा. मी ताटं वाढत होते. मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला. असं लख्ख चित्र, जणू पलीकडच्या पाटावर बसलेत. पूर्वी बोलताना तोंडं वाकडी व्हायची, आवाज तुटायचा, नको ते बोलणं निघालं की "आवाज येत नाही" म्हणून सुटता यायचं. आता ती सोय राहिली नाही. अण्णांनी चिऊला दाखवायला कणीस आणलं होतं. पोरीने बघितलं आणि विचारलं, "आजोबा, ते हिरवं काय आहे?" अण्णांनी कणीस खाली ठेवलं.

पल्लवी म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. चिऊचं नाव इथल्याच शाळेत घातलं, पहिलीला. आता..."  मी समजले. नेट आलं तेव्हापासून मनात जो एक वेडा विचार होता, तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता. बरं झालं, म्हटलं. पोरीचं शिक्षण महत्त्वाचं.

अण्णा म्हणाले, "म्हंजी आता तुमी येत न्हाई."

त्यांनी खाली ठेवलेलं कणीस बाजूला सारलं. मग ते म्हणाले, "पल्लवी, ती वायर म्या तोडली."

माझ्या हातात वाटी होती. ती तशीच राहिली.

"ट्रॅक्टरवाला इचारत हुता, बांध कुटवर धरू. म्या म्हनलं, येऊ दे अजून. मला वाटलं, वायर रामभाऊच्या अंगाला हाय. रेघ म्याच मारल्ती, तरी ध्यानात न्हाई ऱ्हायलं. सवय हुती. एक तास आत घेतला." एवढं बोलायलाही त्यांना किती वेळ लागला.

पल्लवी म्हणाली, "मला माहिती आहे, अण्णा."

"तुला कसं?"

"मी खिडकीत होते. मीटिंग चालू होती. तुम्ही ट्रॅक्टरच्या पुढं चालत हात करत होता, अजून, अजून. आणि तेवढ्यात माझी स्क्रीन थांबली."

"मग तवाच का बोलली न्हाईस?"

"मी कसं बोलणार? सगळी वस्ती तुमच्या मागं उभी होती. मला वाटलं, आज सांगाल. मग वाटलं, उद्या सांगाल. नोकरीचं मी काहीतरी केलं असतं, अण्णा. मिरजगावात खोली घेऊन बसले असते. पण तुम्ही त्या दुसऱ्या टोकाला सगळ्यांबरोबर कुदळ मारत होता ना, वायर तिकडं तुटलेली नाही हे ठाऊक असून, ते मला बघवेना. नंतर रामभाऊकाकांना सगळे बोलले. त्या घरात मला जेवण जाईना."

तिचा आवाज चढला नव्हता. डोळे भरलेले मला स्वच्छ दिसत होते. एकदासुद्धा चित्र अडकलं नाही, एक शब्द गळाला नाही. सागर खाली मान घालून बसला होता, म्हणजे त्यालाही ठाऊक असणार. ठाऊक नव्हतं ते मलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही, आणि दोर मी ओढला. कुसुमचं ते पदर लावलेलं तोंड डोळ्यांपुढून हलेना. अण्णांचा मला असा राग आला, असा राग आला की तांब्या उचलून फेकावा. आणि त्याच वेळी त्यांचे ते हात दिसले, ज्यांनी घंटा सोडून खुंटीला लावली होती. काय करावं अशा माणसाचं?

मग अण्णा म्हणाले, "जेवलीस का?"

"हो," पल्लवी म्हणाली. "तुम्ही?"

"बसतोय आता."

फोन बंद झाला. अण्णांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, पाट ओढला आणि ताटापुढे बसले. हात धुवायला तांब्याकडे हात केला. मी तांब्या बाजूला घेतला.

"उठा," म्हटलं. "रामभाऊंकडं जायचंय."

"जेवून जातो."

"नाही. आधी जाऊन या."

 मी त्यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं.